दर्या की दऱ्या?

*दिवसभर वेबसाइट्स बांधायच्या, वीकेंडला घाटवाटा तुडवायच्या आणि जाईन तिथे पाट्यांवरच्या अक्षरांचे फोटो काढायचे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. मग अण्णांनी कपाटातून एक जुनी सीडी काढली...*

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. कोथरूडहून बाणेरला पोचेपर्यंत अर्धा जीव ट्रॅफिकमध्येच गेलेला. डेस्कवर बॅग टेकवते न टेकवते तोच आमचा टेस्टर खुर्ची सरकवत आला. ‘‘मॅडम, एक मजेशीर बग आहे. बघताय?’’

टेस्टर जेव्हा एखाद्या बगला ‘मजेशीर’ म्हणतो तेव्हा डेव्हलपरने सावध व्हावं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

तर झालं होतं असं. आमच्या एका क्लायंटच्या साइटवर एक बाई फॉर्म भरत होत्या. साइट मराठी, फॉर्म मराठी, बाईही मराठी. त्यांनी आडनाव टाकलं की खाली लाल अक्षरांत मेसेज यायचा, ‘तुमच्या नावात चुकीची अक्षरे आहेत.’ त्यांनी तीन वेळा टाकलं, तिन्ही वेळा तेच. आडनाव होतं काळे.

काळे! लक्ष्मी रोडवर उभं राहून हाक मारली तर चार जणी वळून बघतील असं आडनाव. आणि आमची साइट त्यांना सांगत होती की बाई, तुमचं नाव चुकलंय.

‘‘कोणी लिहिलाय हा मूर्खपणा?’’ मी तावातावाने विचारलं. आमच्याकडे कोडची कुठलीही ओळ कोणी आणि कधी लिहिली ते दाखवणारी एक कमांड असते. तिचं नावच ‘ब्लेम’. टेस्टरने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे २०१७ सालची तारीख होती आणि माझं नाव.

साइट आधी इंग्रजीत होती. नावाच्या रकान्यात फक्त ए टू झेड चालेल, असा नियम मी घालून ठेवला होता. पुढे साइट मराठीत आली, तो नियम मात्र तसाच राहिला. त्याआधीच्या गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. ऑफिसच्या ग्रुपवर मी स्वतः तीन फॉरवर्ड टाकले होते, एक तर फेटा बांधलेल्या इमोजीसकट. आणि सोमवारी माझ्याच कोडने ‘ळ’ला दारातून परत पाठवलं.

आता ऐका यातली खरी गोची. माझे वडील जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होते.

म्हणजे तू नक्की करतेस काय?

हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. मावशीच्या मते मी ‘कॉम्प्युटरवाली’ आहे, म्हणून तिचा प्रिंटर बंद पडला की मला फोन. शेजारच्या काकांच्या मते मी ‘आयटीत’ आहे, म्हणजे मला भरपूर पगार आहे आणि काम शून्य.

खरं सांगू? माझ्या कामात ग्लॅमर फारसं नाही. साडेदहाला स्टँडअप, म्हणजे काल काय केलं आणि आज काय करणार ते उभ्याने सांगायचं. मग कोड, मग टपरीवरचा कटिंग, मग पुन्हा कोड. संध्याकाळी अमेरिकेतली माणसं जागी झाली की कॉल. शुक्रवारी दुपारनंतर कोणतीही नवीन गोष्ट लाइव्ह करायची नाही, हा अलिखित नियम. तो मोडणाऱ्याचा वीकेंड ऑफिसातच जातो.

पण मराठी साइटवर काम करायला लागलं की या रुटीनमध्ये गंमत येते. कारण कॉम्प्युटरला आपली अक्षरं आपल्यासारखी दिसतच नाहीत. आता ‘स्त्री’ हा शब्द घ्या. तुम्हाला-मला ते एकच अक्षर. कॉम्प्युटरच्या हिशेबात ते सहा तुकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. बातमीचं शीर्षक लांब झालं की आम्ही ठरावीक आकड्यावर कापून पुढे तीन टिंबं देतो. इंग्रजीत खपून जातं. मराठीत मात्र कात्री नेमकी मधोमध पडली की ‘स्त्’ उरतो, पाय मोडून लोंबकळणारा.

जागाही जास्त लागते. इंटरनेटवर सध्या सगळीकडे जी पद्धत चालते, तीत साधं इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइट घेतो. एसएमएसचं तर विचारूच नका. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं, मराठीत ७०. म्हणजे ‘आपला अर्ज मिळाला’ हे नम्रपणे सांगायला गेलं की दोन मेसेजचे पैसे. त्यामुळे क्लायंट म्हणतो, ‘‘इंग्लिशमध्येच पाठवा ना!’’ असं करत करतच मराठी मागच्या बाकावर जाऊन बसते. कोणी कट करत नाही, सगळे फक्त सोय बघतात.

आणखी एक छोटीशी गोष्ट सांगते. वेबपेजच्या सुरुवातीला भाषा कोणती ते सांगायची जागा असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ अशी दोन अक्षरं लिहायची. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्यावर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. उजवीकडे उभा दांडा असलेला हिंदी ‘ल’ जातो आणि शाळेत गिरवलेला दोन पाकळ्यांचा ‘ल’ येतो. दोन अक्षरांचं काम, पण कित्येक मराठी साइट्सवर कोणी ते करत नाही. मीही पहिली काही वर्षं केलं नव्हतं.

माझ्या फोनमधले ‘ळ’

आता माझ्या वेडाबद्दल. मित्रमैत्रिणी ट्रिपला गेल्या की सेल्फी काढतात, मी पाट्या काढते. त्यातही ‘ळ’. रंगाऱ्याचा हात कसा आहे ते ‘ळ’मध्ये लगेच कळतं. दोन वाटोळ्या गाठी सारख्या आल्या पाहिजेत आणि तरी मशीनमधून काढल्यासारख्या वाटता कामा नयेत. माझ्या फोनमध्ये असे हजाराच्या वर ‘ळ’ आहेत. कोल्हापुरातल्या गुळाच्या दुकानाचा ‘ळ’ जाड आणि खाऊनपिऊन सुखी. पणजीत कोंकणी पाट्यांवर भेटलेला ‘ळ’ जरा सडसडीत. ट्रकच्या मागचा ‘ळ’ तर नेहमीच नटलेला.

या वेडापायी मी २०१९ मध्ये तंजावरला जाऊन आले. झालं काय, क्लायंटच्या कामासाठी आठवडाभर बंगळुरूला होते आणि मध्ये दोन दिवस सुट्टी आली. बाकीचे कूर्गला गेले, मी रात्रीची गाडी पकडली. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर कोरलेला एक लांबलचक मराठी लेख आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरून घेतला, तोही देवनागरीत. आजूबाजूला सगळी पाटी-पुस्तकं तमिळ, गाईड इंग्रजीत बोलतोय आणि मी भिंतीला नाक लावून ‘ळ’ शोधतेय. गाईडला वाटलं बाईंचा चष्मा हरवलाय.

दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचं ते मराठी मला अडखळत का होईना, वाचता येत होतं. तेव्हा एवढंच वाटलं, वा! त्याचा खरा अर्थ पाच वर्षांनी घरीच कळायचा होता.

कपाटातली सीडी

त्या ‘काळे’ प्रकरणानंतर तीन आठवड्यांनी दिवाळीला जुन्नरला गेले. फराळ करताना अण्णांना किस्सा सांगितला. मला वाटलं, हसतील. ते उठले, कपाट उघडलं आणि सनमायकाच्या फळीखालून एक सीडी काढली. कव्हरवर मार्करने लिहिलेलं, ‘घाटवाटा, २००३’.

‘‘बघ, उघडते का. मागे शाळेतल्या पोराने लावून पाहिली. म्हणाला, गुरुजी, यात नुसतं इंग्रजी आहे.’’

अण्णा रिटायर होण्याआधी दर सुट्टीच्या दिवशी भटकायचे. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, पलीकडे कोकणात उतरणाऱ्या वाटा. कुठली वाट कुठे उतरते, पाण्याचं टाकं कुठे, उन्हाळ्यातही जिवंत राहणारा झरा कोणता, खडकाला लोक काय नाव देतात. घाटघरसारख्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून त्यांनी हे सगळं वह्यांत उतरवलं होतं. त्या वह्यांवरून २००३ मध्ये गावातल्या डीटीपीवाल्याकडे बसून ८४ पानं टाइप केली. पुस्तक काढायचं होतं. आधी पैसे नव्हते, मग आईचं आजारपण आलं, मग राहूनच गेलं. वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजल्या. डीटीपीचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइल रिपेअरिंग आलं. उरली ही सीडी.

मी शेजाऱ्यांकडून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. फायली उघडल्या. आणि खरंच, ८४ पानं नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं. जणू कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय त्यांना कारण ठाऊक असेल. युनिकोड तेव्हा होतं. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फॉन्टही आला होता. पण एक्सपीवर भारतीय भाषा वेगळ्या चालू कराव्या लागत आणि छपाईच्या जगात जुन्या फॉन्टचंच राज्य होतं. हे फॉन्ट म्हणजे एक मुखवटा. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकार दिसायचे. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की मांजर. प्रत्येक फॉन्टचा मुखवटाही वेगळा. अण्णांचा फॉन्ट कुठला, ते ना त्यांना आठवत होतं ना सीडीवर होतं.

‘‘जाऊ दे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘बसेन परत लिहायला.’’

अण्णा तेव्हा ७४ वर्षांचे. सही करतानासुद्धा त्यांचा हात थरथरतो. आणि ज्यांना विचारून लिहिलं, त्यांतली बहुतेक माणसं आता नाहीत. परत कोणाला विचारणार होते?

दिवसभर लोकांचा डेटा जपायचे पैसे घेणाऱ्या मुलीच्या घरात वडिलांचं पुस्तक २१ वर्षं कुलूपबंद पडलं होतं. मी सीडी पुण्याला घेऊन आले.

प्रिन्सेपसाहेबांची युक्ती

सुदैवाने अण्णांकडे पहिल्या बारा पानांची झेरॉक्स निघाली. म्हणजे एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला मांजर. कलकत्त्याच्या टांकसाळीतले जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरं येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. हे दानाचे लेख असणार, म्हणजे शेवटचा शब्द ‘दानं’, असा त्यांनी अंदाज बांधला आणि त्यातून कोडं सुटत गेलं. मीही तेच केलं. माझा ‘दानं’ होता ‘आहे’. मराठी माणसाची निम्मी वाक्यं ‘आहे’नेच संपतात!

‘आहे’ सापडलं, मग ‘घाट’, मग ‘पाणी’. कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर, असा तक्ता तयार झाला. पण नुसता तक्ता पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी, रफार अक्षराच्या डोक्यावर नंतर काढतात म्हणून नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून मागे टाकायची, प्रत्येक रफार उचलून पुढे आणायचा. अमेरिकेचा कॉल संपला की रात्री दीडपर्यंत मी हेच करायचे. नोव्हेंबर असाच गेला. एका रात्री प्रोग्रॅम चालवला आणि ८४ पानं मराठीत समोर उभी राहिली. सॉलिड वाटलं! फ्लॅटमेटला उठवून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘झोप आता.’’

‘घाटावर दर्या कुठून आला?’

प्रिंटआउट घेऊन जुन्नरला गेले. अण्णांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं (मास्तरांचं रिफिल संपत नाही) आणि पहिल्याच पानावर थांबले.

‘‘काय गं, ‘दोन्ही बाजूंना खोल दर्या आहेत’? घाटावर दर्या कुठून आला?’’

मी बघितलं. खरंच की. ‘दऱ्या’च्या जागी सगळीकडे ‘दर्या’. डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र करून टाकला होता मी.

‘‘आठवीत शिकवलं होतं तुला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना सांगायचं, वाढा. उलट केलंस तर उपाशी राहशील.’’

चूक माझ्या तक्त्यातली होती. त्या फॉन्टमध्ये पापणीसारख्या आडव्या ‘र’साठी वेगळं चिन्ह होतं आणि मी त्याला साधा पाय मोडलेला ‘र’ समजले होते. पुढे ‘य’ आला की त्याचा रफार होऊन तो डोक्यावर जाऊन बसायचा. युनिकोडमध्ये याची सोय आहे. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याला हलन्त लावायचा. एका ओळीची दुरुस्ती. पण ही ओळ चुकली होती हे प्रोग्रॅमला कधीच कळलं नसतं. ‘दर्या’ हाही शब्दच आहे. ते कळायला आठवीला शिकवणारा माणूस लागतो.

मग आम्ही ठरवलं, सगळं मोठ्याने वाचायचं. रोज रात्री साडेनऊला फोन. अण्णा वाचणार, मी स्क्रीनवर बघणार. पंधरा दिवस चाललं. सीडीला चरे पडल्याने तीन पानं अजिबात निघाली नव्हती. त्यातली दोन त्यांनी आठवून सांगितली. तिसऱ्याचं काही आठवेना. ‘‘तिथे मोकळी जागा सोड,’’ म्हणाले. ‘‘खोटं लिहू नये.’’

या पंधरा रात्रींत मला कळलं की मी लहान असताना दर रविवारी घरातून गायब होणारा माणूस नक्की कुठे जायचा. तोवर आईची बाजू घेऊन मी त्यांच्यावर थोडीशी रागावलेलीच होते. वाचता वाचता एकदा ते म्हणाले, ‘‘तुला न्यायला हवं होतं गं तेव्हा.’’ मी म्हटलं, ‘‘आता चला ना, अण्णा.’’

नाणेघाट, जुलै २०२५

जुन्नरकडून नाणेघाटात गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. पाऊस असा की वायपर हरले होते. दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकत होता आणि दोनशे पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढत होती. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. तिथून थोड्या पायऱ्या उतरलं की गुहा. अण्णांचा हात धरून एकेक पायरी उतरलो.

गुहेच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ब्राह्मी लिपीतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळ्यांचा आकड्यांसकट हिशेब. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच गेल्या, जेमतेम पाय उरलेत. पण वर कोरलेली नावं अजून आहेत: सिमुक, नागनिका, सातकर्णी, एक महारठी.

‘‘दोन हजार वर्षं टिकलंय,’’ मी म्हटलं. ‘‘आणि तुमची सीडी एकवीस वर्षांत गेली.’’

‘‘टिकलं, पण मधली कित्येक शतकं कोणाला वाचता येत नव्हतंच ना?’’ अण्णा म्हणाले. ‘‘नुसतं टिकून काय उपयोग? पुढच्याला उघडता आलं पाहिजे.’’

माझ्या नोकरीची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नव्हती.

परतताना घाटघरला एका टपरीवर चहाला थांबलो. टपरी चालवणारा मुलगा असेल पंचविशीचा. अण्णांनी त्याला आडनाव विचारलं, मग आजोबांचं नाव विचारलं आणि मला म्हणाले, ‘‘फोन काढ. पान ३७.’’ तिथे एका झऱ्याची माहिती होती आणि खाली ती ज्यांनी सांगितली त्यांचं नाव. मुलाने ते बोटाने मोठं करून वाचलं, परत वाचलं. मग आतल्या बाजूला ओरडला, ‘‘आये, इकडं ये. आज्याचं नाव आलंय.’’

चहाचे पैसे त्याने काही केल्या घेतले नाहीत.

पुस्तकाच्या शंभर प्रती छापून झाल्यात. अण्णांच्या जुन्या विद्यार्थ्यांनीच खर्च उचलला. एक पान कोरं आहे, ते मुद्दाम. आणि हो, काळेबाईंचा फॉर्म त्याच सोमवारी संध्याकाळी भरला गेला. आता आमच्या टीममध्ये नावाचा कुठलाही रकाना लाइव्ह जाण्याआधी एक टेस्ट पास व्हावी लागते. त्या टेस्टमध्ये मी चार आडनावं घातली आहेत: काळे, गोऱ्हे, कुऱ्हाडे आणि क्षीरसागर. ती पास झाल्याशिवाय कोणाचाच कोड पुढे जात नाही. माझासुद्धा नाही.

तुमच्याही कपाटात अशी सीडी आहे?

• आधी तिची कॉपी करा, दोन ठिकाणी. मूळ फाइलला हात लावू नका, जे काही प्रयोग करायचे ते कॉपीवर.

• जुन्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट अजून असेल तर फॉन्टची फाइलही जपून ठेवा. फाइल तिथेच उघडून प्रिंट किंवा पीडीएफ काढून घ्या. एक छापील पानसुद्धा पुढे किल्लीचं काम करतं.

• जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात. तुमचा फॉन्ट कुठला ते नक्की ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग.

• कन्व्हर्ट झाल्यावर पहिली वेलांटी, रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हे आधी तपासा. घोळ बहुधा तिथेच असतो. ‘ॲ’ही बघा, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं.

• आणि ज्यांनी लिहिलंय ते घरात असतील तर त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने वाचा. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.